डोंबिवलीतलं काउन्सेलिंग, आठ सेशननंतरचा माझा अनुभव

पहिल्याच सेशननंतर लिहिलं असतं तर तीन स्टार दिले असते, आठ सेशन झाल्यावर पाच देतेय.

गेल्या पावसाळ्यात सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दिवा स्टेशन मागे पडलं आणि अचानक धडधड सुरू झाली, बोटं बधिर, श्वास पुरेना, वाटलं आता काही आपण ठाण्यापर्यंत पोचत नाही. मग ईसीजी झाला, टूडी इको झाला, थायरॉईड झालं, सगळं नॉर्मल, आणि ते ऐकून बरं वाटायचं सोडून मी जास्तच घाबरले कारण मग हे होतंय तरी काय? दोन महिने लोकलमध्ये पाय ठेवला नाही. ऑफिसला जायचं असेल तर आदल्या रात्रीपासूनच पोटात गोळा यायचा. घरचे म्हणायचे विचार करू नकोस, पण ते काय ठरवून होतं का?

आधी एका ॲपवर दोन ऑनलाइन सेशन घेतली होती. सगळं इंग्रजीत. "जीव घाबराघुबरा होतो" हे इंग्रजीत कसं सांगायचं यातच अर्धा वेळ जायचा आणि शेवटी रोज आरशासमोर म्हणायला चांगली चांगली वाक्यं मिळाली. सोडून दिलं.

मग आमच्या फॅमिली डॉक्टरांनी या मॅडमकडे पाठवलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, आरसीआयचं (म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी तिथे होते) रजिस्ट्रेशन भिंतीवरच लावलंय. (कुठेही जा, शिक्षण काय झालंय ते विचारून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.) पहिल्या दिवशी जीएडी-७ नावाचा, चिंता किती आहे ते मोजायचा सात प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं झालं वगैरे. २१ पैकी माझे १६ आले, १५ किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. रडूच आलं. मॅडमनी पाणी दिलं आणि थांबल्या, घाई केली नाही.

मग त्यांनी जे समजावलं ते मला आजपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. कुत्रा अंगावर आला की शरीर पळायची तयारी करतं ना, ॲड्रेनालिन वाढतं, ठोके वाढतात, तेच माझ्या बाबतीत कुत्रा नसताना होत होतं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि म्हणून बोटांना मुंग्या येतात, हार्टमुळे नाही. आणि घाबरण्याची ती लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरतेच.

एक वही करायला लावली, तीन रकाने : काय घडलं, तेव्हा मनात काय आलं, मग काय झालं. मी लिहिलं होतं, "धडधडलं म्हणजे अटॅक." मॅडम म्हणाल्या, "तीन जिने चढून आलात आत्ता, तेव्हाही धडधडलं असेल, मग तेव्हा का नाही वाटलं असं?" मला उत्तरच सुचेना.

तिसऱ्या सेशनपासून एकेक पायरी करत लोकलची भीती घालवायची. आधी नुसतं डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर बसायचं आणि तीन गाड्या सोडून घरी यायचं. मग दुपारच्या स्लोने कोपरपर्यंत, मग दिवा. दिव्याला तर मी चार वेळा गेले तेव्हा कुठे पुढची पायरी मिळाली. मागच्या मंगळवारी सकाळची फास्ट पकडली, दिवा आलं तेव्हा छातीत धस्स झालंच, पण दांडा धरून उभी राहिले, फोन बाहेर काढला नाही, मुंब्रा गेलं, कळवा गेलं आणि ठाण्याला गर्दीबरोबर उतरले. फॉर्मवर आता ६ आहेत.

आता तक्रारी. ५० मिनिटांचे १२०० रुपये, दर आठवड्याला जड जातात, मी नंतर पंधरा दिवसांनी जायला लागले. बाहेर बसलं की आतला आवाज थोडा ऐकू येतो, यावर त्यांनी काहीतरी करायलाच हवं, लोक किती मनातलं बोलतात तिथे. शनिवारची वेळ हवी तर दोन आठवडे थांबावं लागतं. औषधं त्या देत नाहीत, झोप अगदीच उडाली असेल तर सायकियाट्रिस्टकडे पाठवतात, मला गरज लागली नाही पण ज्यांना लागते त्यांनी घाबरू नये.

आणि पैशाची अडचण असेल तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.