टेबलावरचा व्होर्टेक्स मिक्सर: फळमाशीची आकडी तपासायला कितपत चालतो?

पाच हजारांच्या आतबाहेर मिळणारा साधा व्होर्टेक्स मिक्सर मुळात टेस्ट ट्यूब ढवळायला बनवलेला असतो. फळमाशीवर ‘बँग टेस्ट’ (नळी जोरात हलवून माश्यांना आकडी येते का ते बघायची चाचणी) करायला घेत असाल, तर डब्यावर छापलेल्या आरपीएमकडे नंतर बघा, आधी रबरी कप बघा. माश्यांची नळी 25 मिमी रुंदीची असते. ती कपात बसत नाही, काठावर टेकते आणि सुरू केलं की घसरते. सोबत सपाट रबरी पॅड मिळत असेल तरच घ्या.

दुसरी खोड म्हणजे दाबल्यावर सुरू होणारा ‘टच’ मोड. हात जड पडला की मोटर मंदावते, हलका पडला की नळी नुसती थरथरते. म्हणून बटण ‘कंटिन्युअस’वर ठेवा, गती शेवटच्या आकड्यावर न्या आणि सगळ्या नळ्या एकाच माणसाने धरा. मशीन टेबलावर सरकतं म्हणून खाली सोलापुरी टॉवेलची घडी घालायचा मोह होतो. पण धक्का टॉवेलच खातो. पाय टणक फरशीवरच हवेत.

चाचणी 10 सेकंदांची, तयारी मात्र आदल्या दिवसाची. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करून माश्या मोजल्या असतील तर 24 तास जाऊ द्या, नाहीतर गुंगीचा परिणाम आकडी म्हणून नोंदला जातो. तीन-चार दिवसांच्या माश्या, एका नळीत दहा, नळी कोरडी आणि रिकामी. तळाशी खाद्य असेल तर माश्या त्यात चिकटतात आणि ‘उठली नाही’ हा आकडा फुगतो. कापसाचा बोळा घट्ट हवा. धक्क्याने तो आत सरकला तर ती नळी बाद. मशीन थांबताच स्टॉपवॉच लावा आणि दर 10 सेकंदांनी किती माश्या पायांवर उभ्या राहिल्या ते लिहा. त्याच माश्या लगेच पुन्हा हलवू नका. झटक्यानंतर काही काळ त्यांना दुसरा झटका सहज येत नाही, त्यामुळे दुसरं वाचन खोटं चांगलं दिसतं.

‘कॅन्टन-एस’ ही साधी माशी हलवल्यावर लगेच चालू लागते. ‘ईझिली शॉक्ड’ ही जनुकात दोष असलेली माशी मात्र पाठीवर पडते, पाय आखडतात, मग निपचित होते आणि उठण्याआधी पुन्हा एकदा फडफडते. ‘बँग सेन्सलेस’ या दुसऱ्या सदोष वाणाला सावरायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्याचा दोष ‘पॅरा’ जनुकात, म्हणजे चेतापेशींच्या सोडियम वाहिनीत (सोडियम आत सोडणाऱ्या दारात) आहे. माणसात याच घराण्यातल्या ‘एससीएन1ए’ या जनुकातल्या बिघाडाने ड्रावे सिंड्रोम हा लहानपणी सुरू होणारा गंभीर अपस्मार होतो. ‘ईझिली शॉक्ड’मध्ये वाहिनी ठीक असते; तिथे बिघाड पेशीपटलाची चरबी बनवणाऱ्या इथेनॉलअमाइन कायनेज या विकराचा आहे. म्हणजे दिसायला आकडी एकच, कारणं दोन. ‘ईझिली शॉक्ड’ची मादी आणि कॅन्टन-एस नर असा संकर केला, तर सगळे मुलगे पडतात आणि मुली उभ्या राहतात, कारण जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि अप्रभावी आहे. 25 अंशांवर दहा-बारा दिवसांत पुढची पिढी हाती येते. कॉलेजच्या प्रात्यक्षिकासाठी याहून स्वस्त आणि डोळ्यांनी दिसणारा आनुवंशिकीचा धडा सापडणं अवघड.

पैसे वाचवायचे असतील तर मिक्सरवर वाचवा, बीओडी इन्क्युबेटरवर (माश्या ठराविक तापमानाला ठेवायच्या कपाटावर) नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो. 30 च्या आसपास नर वांझ व्हायला लागतात आणि ‘पॅरा’चे काही उष्णतासंवेदी प्रकार तर 29 अंशांतच लुळे पडतात, मिक्सरला हात न लावता. चाचणीही एसी खोलीत आणि दर वेळी एकाच तापमानाला घ्या. वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडू नका.

डाळिंबाच्या हंगामात घरोघरी चिलटं, म्हणजे जंगली फळमाश्या, फिरतात. त्यातली एक मादी बाटलीत शिरली की महिनाभरात तुमचा ‘बँग सेन्सलेस’चा साठा हलवूनही पडत नाही. दोष मशीनला देण्याआधी बाटलीचा बोळा तपासा.