मुलांचा पहिला ई-मेल पत्ता: गूगलचं फॅमिली लिंक कुठे पुरतं, कुठे तोकडं पडतं

आजी पुण्यात, मामा बंगळुरूला आणि नातवंड इंदूरच्या शाळेत तिसरीत. त्यांच्यात पत्रव्यवहार सुरू व्हावा असं इंदूरच्या लोकमान्य नगर किंवा रामबागेतल्या कुठल्याही मराठी घराला वाटतं. व्हॉट्सअ‍ॅप दिलं की स्टेटस, ग्रुप आणि फॉरवर्ड सोबत येतात, शिवाय मुलासाठी वेगळा नंबर लागतो. त्यापेक्षा मेल बरा. तो सावकाश लिहिता येतो, चित्र जोडता येतं, आणि शाळेत दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलणारं मूल निदान आजीला तरी चार ओळी मराठीत लिहितं. मग पालक गूगलच्या फॅमिली लिंककडे, म्हणजे मुलाच्या फोनवर आणि खात्यावर नजर ठेवायच्या अ‍ॅपकडे वळतात, कारण ते फुकट आहे आणि जीमेल घरात आधीच आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी फॅमिली लिंकचं जीमेल चांगलं आहे. सहा ते नऊ वर्षांच्या मुलासाठी ते अपुरं आहे, कारण ते फोनवर पहारा ठेवतं, पत्रांवर नाही.

भारतात स्वतःचं गूगल खातं स्वतः चालवायला १३ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी खातं हवं असेल तर ते पालकाच्या खात्याखाली, फॅमिली लिंकमधूनच काढावं लागतं. अ‍ॅपमध्ये मूल जोडा, 'खातं नाही' निवडा, नाव, जन्मतारीख, पत्ता आणि पासवर्ड भरा, मग पालकाने आपल्या पासवर्डने संमती द्यायची. अर्ध्या तासाचं काम. कुटुंबाच्या गटात पालक धरून सहा जण बसतात, म्हणजे दोन-तीन मुलांच्या घराला काही अडचण नाही.

इथेच बरेच जण आडवाट धरतात आणि जन्मसाल दहा वर्षं मागे टाकून साधं जीमेल काढतात. ते करू नका. मूल लहान असल्याचं गूगलच्या लक्षात आलं तर खातं नियमात बसवायला १४ दिवस मिळतात, नंतर ते बंद होतं. त्याहून मोठा तोटा असा की लहान मुलांच्या खात्याला मिळणारं संरक्षण त्या खात्याला मिळतच नाही.

हे संरक्षण खरोखर चांगलं आहे. मुलाच्या जीमेलमध्ये जाहिराती दिसत नाहीत आणि जाहिरातींसाठी मेल चाळलेही जात नाहीत. आपोआप फॉरवर्ड करण्याची सोय बंद असते. ऑफलाइन जीमेलही नसतं. आणि स्पॅम म्हणून ओळखलेला मेल इनबॉक्समध्ये तर येत नाहीच, स्पॅमच्या फोल्डरमध्येही पडत नाही.

पण या शेवटच्या सोयीला एक काटा आहे. मामाचा पहिलाच मेल चुकून स्पॅम ठरला, तर तो मुलालाही दिसणार नाही आणि शोधायला फोल्डरही नाही. मामा म्हणणार पाठवला, मूल म्हणणार आला नाही, दोघंही खरं बोलत असतात. उपाय सोपा आहे. नातेवाइकांचे पत्ते आधी मुलाच्या कॉन्टॅक्ट्समध्ये भरा आणि पहिला मेल मुलाकडून जाऊ द्या. आपल्याच पत्राला आलेलं उत्तर सहसा अडकत नाही.

आता न मिळणाऱ्या गोष्टी. फॅमिली लिंकमधून पालकाला मुलाचे मेल वाचता येत नाहीत. कुणी मुलाला लिहावं आणि मुलाने कुणाला लिहावं याची यादीही ठरवता येत नाही. बऱ्याच पालकांची समजूत नेमकी उलट असते. पासवर्ड बदलण्याचा अधिकार पालकाकडे असतो, तेव्हा खात्यात शिरून मेल पाहता येतात. पण ती रोजची व्यवस्था होऊ शकत नाही.

वेळेची मर्यादा घालताना एक भोक राहतं. जीमेल अ‍ॅपला रोज १५ मिनिटं दिली, तरी ती मर्यादा त्या अ‍ॅपपुरती असते. क्रोम उघडून जीमेलचा पत्ता टाकला की मेल पुन्हा हजर. म्हणून फॅमिली लिंकच्या क्रोमच्या भागात जाऊन जीमेलची साइट अडवलेल्या साइटींच्या यादीत टाका. आणि वेळेची ही सगळी बंधनं अँड्रॉइड फोन, टॅब्लेट आणि क्रोमबुकवर चालतात. घरात आयफोन असेल किंवा मूल बाबांच्या विंडोज लॅपटॉपवर मेल उघडत असेल, तर तिथे ती लागू होत नाहीत.

खरी जोखीम आलेल्या पत्रांपेक्षा पत्त्यामुळे उघडणाऱ्या दारांत जास्त आहे. ई-मेल पत्ता हातात आला की मूल खोटं जन्मसाल टाकून कुठल्याही गेमच्या किंवा चॅटच्या साइटवर खातं काढू शकतं. त्या साइटला हवी असते ती एक खात्री करणारी लिंक किंवा कोड, आणि तो याच इनबॉक्समध्ये येतो. 'गूगलने साइन इन करा' या बटणाला फॅमिली लिंक पालकाची परवानगी मागू शकतं. पण मुलाने तिथे पत्ता आणि नवा पासवर्ड हाताने टाइप केला, तर फॅमिली लिंकला त्याचा पत्ताही लागत नाही. ओळखीच्या माणसांव्यतिरिक्त कुणाचाही मेल मुलापर्यंत पोचणार नाही अशी सोय असेल, तर तो कोडही पोचत नाही. दोन्ही प्रश्न एकाच कुलपाने सुटतात. ते कुलूप फॅमिली लिंकमध्ये नाही.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलासाठी ते कुलूप साध्या जीमेलमध्ये बनवता येतं. खातं पालकाचंच असावं: पालकाचं नाव, पालकाची खरी जन्मतारीख, पालकाचा फोन नंबर, दोन टप्प्यांची पडताळणी आणि पासवर्ड फक्त पालकाकडे. मुलाच्या फोनवर किंवा टॅबवर हे खातं टाकायचं नाही. पत्त्यात मुलाचं आडनाव, जन्मसाल किंवा शाळेचं नाव नको. फोटोच्या जागी मुलाचा चेहरा नको, कारण तो पत्र मिळणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

मग संगणकावर जीमेल उघडून सेटिंग्जमधल्या फिल्टरच्या भागात नवा फिल्टर करा. 'फ्रॉम'च्या खान्यात परवानगी असलेले सगळे पत्ते लिहा. प्रत्येक पत्त्याच्या आधी उणे चिन्ह द्यायचं आणि ते पत्त्याला चिकटवून, मध्ये जागा न सोडता. दोन पत्त्यांच्या मध्ये मात्र एक जागा सोडायची. अर्थ असा होतो: हे सोडून बाकी सगळे. पुढे जाण्याआधी शोधाचं बटण दाबून बघा. जी यादी येईल तिच्यात आजीचा एकही मेल दिसता कामा नये. दिसला, तर उणे चिन्ह आणि पत्ता यांच्यात जागा सुटली आहे किंवा आजीच्या पत्त्यातला एखादा ठिपका चुकला आहे. यादी बरोबर आली की कृती निवडा: इनबॉक्स टाळा आणि 'तपासणी' नावाचं लेबल लावा. सरळ 'डिलीट' निवडू नका. आजीने फोन बदलला, नातवाने नवा पत्ता काढून दिला, असं घडतंच. अशा वेळी तिचं पत्र 'तपासणी'त सापडतं, कचऱ्यात शोधावं लागत नाही. दुसरा फिल्टर उलटा करा. तेच पत्ते, उणे चिन्हाशिवाय, मध्ये 'ऑर' हा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत, आणि कृती 'स्पॅममध्ये कधीही पाठवू नका'.

हे खातं पालकाचं असल्यामुळे इथे फॉरवर्डिंग चालतं. सेटिंग्जमध्ये स्वतःचा मुख्य पत्ता घाला, तिथे आलेला कोड टाकून खात्री करा, की प्रत्येक नव्या मेलची प्रत तुमच्याकडे येते. स्पॅम त्यातून वगळलेला असतो. पाठवलेल्या मेलची प्रत मात्र येत नाही, ती पाहायला खात्यातच जावं लागतं. आपल्या फोनच्या जीमेल अ‍ॅपमध्ये हे दुसरं खातं जोडून ठेवलं की काम भागतं.

फिल्टर फक्त येणाऱ्या मेलला अडवतो, जाणाऱ्याला नाही. म्हणून या वयात लिहायचं मुलाने आणि 'सेंड' दाबायचं मोठ्यांनी. 'अनडू सेंड'ची, म्हणजे पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत ३० सेकंदांवर ठेवा, मुळात ती ५ असते. हेच फिल्टर मुलाच्या स्वतःच्या खात्यात बसवता येतील का, असा प्रश्न येईल. पण तिथे त्यांना कुलूप नाही. जे मूल फिल्टर वाचू शकतं, ते काढूही शकतं.

याहून स्वस्त युक्ती अधिक चिन्हाची. आपल्याच जीमेल पत्त्यात 'अ‍ॅट'च्या आधी अधिक चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, तर त्या पत्त्यावरचा मेलही आपल्याच इनबॉक्समध्ये येतो. फिल्टरने त्याला वेगळं लेबल लावता येतं. पण मूल शेजारी बसलं की त्याला बँकेचे, विजेच्या बिलाचे, ऑफिसचे मेल दिसतात, आणि नाव वेगळं लावलं नाही तर आजीच्या फोनवर पत्र नातीऐवजी जावयाच्या नावाने पोचतं. महिन्यातून एखाद्या पत्रापुरती ठीक.

इतर कंपन्यांचंही थोडक्यात. आउटलुकमध्ये जंक मेलच्या सेटिंगमध्ये फक्त विश्वासू यादीतल्या पत्त्यांचाच मेल इनबॉक्समध्ये घेण्याची सोय तयारच मिळते. इथे ते जीमेलच्या पुढे आहे. बाकीचं सगळं जंकमध्ये जातं, पण तो फोल्डर मुलाला उघडता येतो, म्हणजे कुलूप निम्मंच. अ‍ॅपलमध्ये मुलाच्या खात्याला आयक्लाउडचा पत्ता मिळतो, पण कुणाशी बोलावं याची जी मर्यादा पालक घालतात ती फोन, फेसटाइम आणि मेसेजला लागते, मेलला नाही.

फॅमिली लिंकचं खातं असो वा पालकाच्या नावाचं, दोन्हींना लागू पडणाऱ्या काही सेटिंग्ज आहेत. बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा, हा पर्याय चालू ठेवा. जाहिरातीच्या मेलमधलं अदृश्य चित्र उघडलं की तो मेल कुणीतरी वाचला हे पाठवणाऱ्याला कळतं. कॉन्टॅक्ट्स आपोआप जमा होण्याचं बंद करून 'मी स्वतः जोडेन' निवडा, नाहीतर एकदा चुकून टाइप झालेला पत्ता पुढे स्वतःहून सुचत राहतो. वाक्यं सुचवणारी सोय बंदच करा. मूल स्वतःचं वाक्य शोधत असताना यंत्राने ते पुरं करून द्यावं, यात पत्राची सगळी मजा जाते.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाण नोंदवणं बंद करा. ते चालू असेल तर मूळ फोटो मेलला जोडताना घराचे अक्षांश-रेखांश त्यासोबत जातात. जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठा व्हिडिओ ड्राइव्हची लिंक म्हणून जातो आणि परवानगी कुणाला द्यायची हे जीमेल विचारतं. तिथे 'लिंक असलेला कुणीही' निवडू नका, फक्त आजीचा पत्ता ठेवा. आजीचं खातं गूगलचं नसेल तर व्हिडिओ लहान करून पाठवणं सोपं.

मराठीसाठी जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, 'मराठी' ही भाषा वेगळी जोडा. इंदूरच्या फोनवर बहुधा हिंदी आधीच असतं आणि त्याच्यावरच भागवलं जातं, मग शब्द हिंदीच्या वळणाने सुचतात आणि 'ळ' शोधत बसावं लागतं. संगणकावर जीमेलच्या भाषेच्या सेटिंगमध्ये इनपुट टूल्स चालू करून मराठी निवडलं, की इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं देवनागरीत उमटतं.

शाळेने दिलेला पत्ता ही वेगळी गोष्ट. तो गूगल वर्कस्पेसचा, म्हणजे गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेचा असेल तर चावी शाळेच्या अ‍ॅडमिनकडे असते, पालकाकडे नाही. मेलची ये-जा शाळेपुरतीच ठेवण्याची सोय अ‍ॅडमिनला आहे, ती वापरली आहे का हे मात्र शाळेवर अवलंबून. विचारायची गरज नाही, आपल्या साध्या जीमेलवरून मुलाच्या शाळेच्या पत्त्यावर एक मेल टाका. नाकारल्याची सूचना परत आली, तर बाहेरच्यांना दार बंद आहे. मेल पोचला, तर कुणाचाही पोचेल. मग वर्गशिक्षकांऐवजी थेट संगणक विभागाशी बोला.

एखादा घाणेरडा किंवा धमकीचा मेल आलाच, तर तो पुसू नका. संगणकावर मेलच्या तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' उघडा आणि मूळ प्रत उतरवून ठेवा. मेल कुठून आला याचा तपशील तिच्यात असतो, स्क्रीनशॉटमध्ये नसतो. त्यानंतरच पाठवणाऱ्याला ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार देताना हीच प्रत लागते. पैशाची फसवणूक असेल तर १९३० ही हेल्पलाइन, मुलाला मदत हवी असेल तर १०९८.

आणि पालकाच्या नावाने काढलेलं खातं मूल मोठं झाल्यावर तसंच पडून राहू देऊ नका. दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं. आजीची पत्रं जपायची असतील तर गूगल टेकआउटमधून मेलचा भाग निवडून प्रत उतरवून घ्या. ती एमबॉक्स फाइल असते, म्हणजे सगळे मेल एकाच फाइलमध्ये, आणि संगणकावरच्या थंडरबर्ड या मेल-प्रोग्रॅममध्ये अ‍ॅड-ऑन घालून उघडते.