काळ्या मातीत पुरलेले माठ : आठ महिन्यांचा अनुभव

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, आणि एप्रिलनंतर बोअरवेल अर्ध्या तासात कोरडी पडते. तरी परसबाग मोडायची नव्हती. गेल्या ऑक्टोबरात कुंभाराकडून आठ-आठ लिटरचे बारा साधे लाल माठ आणले, ऐंशी रुपयाला एक, आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरले. सासूबाई म्हणाल्या, “काहून वं, पाणी पेयाचे माठ मातीत गाडून रायली का?” आता जून लागला. उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत त्याच रोज सकाळी झाकण उचलून पाणी बघत होत्या.

माठातलं पाणी ज्या बारीक छिद्रांमुळे थंड होतं, त्याच छिद्रांतून ते मातीत पाझरतं. भोवतालची माती कोरडी झाली की पाणी ओढून घेते, ओली असली की पाझर आपोआप मंदावतो. ही रीत फार जुनी आहे. चीनमधल्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात ती सांगितलेली आहे.

पाण्याचा फरक खरंच मोठा पडला. आधी रोज आठ बादल्या लागायच्या. माठ पुरल्यावर थंडीत चौथ्या दिवशी भरले तरी चालायचं, आणि मे महिन्याच्या कडक उन्हात दिवसाआड सहा बादल्या पुरल्या. वरची माती कोरडी राहते म्हणून तणही कमी झालं, निंदण निम्म्यावर आलं.

पण काळ्या मातीबद्दल मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. मार्चमध्ये माठ भरलेले असूनही वांगी माना टाकायला लागली. उकरून पाहिलं तर माती आकसून माठापासून बोटभर सुटली होती. मातीचा स्पर्शच नाही तर पाणी जाणार कुठून! मग आठ माठ काढून भोवती चार बोटं जाडीचा थर नव्याने भरला: अर्धी नाल्याची बारीक रेती, अर्धं चाळलेलं शेणखत. वरून सोयाबीनच्या कुटाराचं (मळणीनंतरच्या भुशाचं) आच्छादन दिलं. आठ दिवसांत झाडं सावरली. उरलेले चार तसेच राहिले होते. एप्रिलच्या अवकाळी पावसात माती फुगली आणि त्यांतले दोन तडकले. रेतीतल्या आठांपैकी एकालाही काही झालं नाही. तुमची जमीन काळी असेल तर रेतीचा थर पहिल्याच दिवशी भरा.

दुसरा त्रास क्षारांचा. आमचं बोअरचं पाणी जड आहे. फेब्रुवारीत माठाच्या आत पांढरा थर दिसला आणि पाझर मंदावला. काथ्या आणि चिंचेच्या पाण्याने घासले, तेव्हा पुन्हा पाझरू लागले. आता दोन महिन्यांनी हे काम करतेच.

माठ घेताना रंगवलेला घेऊ नका, रंगाने छिद्रं बुजतात. रात्रभर भरून ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागला तर चांगला, थेंब गळत असेल तर परत करा. तोंडावर घट्ट झाकण हवंच, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या होतात.

सगळ्यात चांगले आले ते वेल. दोडकं, कारलं, ढेमसं, सगळ्यांची मुळं माठाला जाळीसारखी बिलगली होती. वांगी आणि भेदरंही (टोमॅटो) बरी. रोप माठापासून वीतभराच्या आत लावायचं. सांभार (कोथिंबीर) आणि पालकाला मात्र याचा काही उपयोग नाही. बी उगवेपर्यंत वरूनच शिंपावं लागतं, तेव्हा त्यांचा वाफा वेगळाच ठेवला.

कुटाराखाली उधई लागली होती. थर पातळ केला आणि खोडापासून चार बोटं दूर ठेवला, तेव्हा थांबली.

कपाशीचा फवारणीपंप परसबागेत आणायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून जास्त माणसं गेली. तेच औषध मुलं तोडून खातात त्या काकडीवर मी मारणार नाही. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला की निंबोळी अर्क, पाच लिटर पाण्याला पाव किलो निंबोळीची भुकटी. रात्रभर भिजवायची, गाळायची, थोडा साबणचुरा घालायचा आणि संध्याकाळी मारायचं, कारण उन्हात त्याचा जोर उतरतो. मावा एका फवारणीत जात नाही, आठ दिवसांनी पुन्हा मारावं लागतं. निंबोळ्या याच महिन्यात गळतात, वेचून सावलीत वाळवून ठेवा.

उरलेल्या दहा माठांपैकी पाच काढून, घासून सपरीत ठेवले. पाच जमिनीतच झाकून ठेवले आहेत. पावसाळाभर फुगलेल्या मातीत ते टिकतात का, हे दिवाळीला उकरल्यावर कळेल. तडकलेल्या दोघांच्या जागी नवे दोन कुंभाराला सांगून ठेवलेत.