बाळावर लक्ष ठेवायला वायफाय कॅमेरा घ्यावा की वेगळा बेबी मॉनिटर?

साताऱ्याच्या पेठेतलं दुमजली घर, बाळ वर झोपलेलं, आजी खाली स्वयंपाकघरात. अशा घरात नेमकं काय घ्यावं, हा प्रश्न नेहमी येतो.

खर्चात वायफाय कॅमेरा स्वस्त, साधारण दोन-तीन हजारांत येतो. स्वतःचा स्क्रीन असलेला मॉनिटर त्याच्या दुप्पट-तिप्पट.

खरा फरक वीज गेल्यावर कळतो. लाईट गेली की राउटर बंद आणि फोनवरचं चित्रही बंद. राउटरला छोटा यूपीएस जोडला तरी बहुतेक कॅमेऱ्यांत बॅटरी नसते, त्यामुळे कॅमेराही इन्व्हर्टरच्याच पॉइंटवर हवा. मॉनिटरला इंटरनेट लागत नाही, हातातला स्क्रीन बॅटरीवर चालतो. बाळाजवळच्या भागाला मात्र वीज लागतेच. खोक्यावरचं तीनशे मीटर अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. जाड दगडी भिंती आणि स्लॅब ते फार कमी करतात, म्हणून परत करण्याची मुदत संपायच्या आत घरभर फिरून तपासा.

मच्छरदाणीचा त्रास दोन्हींत सारखाच. रात्रीचा इन्फ्रारेड प्रकाश जाळीवर आपटून परततो आणि चित्र पांढरं पडतं. कॅमेरा तिरका लावा, पण वायर पाळण्यापासून किमान तीन फूट लांब हवीच. गळ्याभोवती अडकण्याचा धोका खरा आहे.

फोनचा बॅटरी सेव्हर ॲपची सूचना अडवतो, तो त्या ॲपपुरता बंद करा. कॅमेऱ्याचा पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला.

आई-बाबा ऑफिसातून बघणार असतील तर वायफाय कॅमेरा. आजी-आजोबा घरातच सांभाळणार असतील तर पैसे जास्त गेले तरी मॉनिटरच घ्या. एका खोलीच्या घरात दोन्ही नकोत, बाळाचा आवाज तसाही ऐकू येतो.