आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण: आरसा झकास, आवळणारा हात कच्चा

दुर्बीण घेऊन सहा महिने झाले. डॉब्सोनियन म्हणजे लाकडी बैठकीवर फिरणारी साधी, आरशाची दुर्बीण. कंपनीचं नाव घेत नाही, दुकानदाराशी अजून वाजलेलंच आहे.

पहिल्या रात्री पन्हाळ्यावर नेली. पुनर्वसूतला कॅस्टर लावला, तर तारा कसला, शिंगाडा! तीन शिंगं. फोकस जरा सोडला की गोल चकती दिसायला पाहिजे, दिसला त्रिकोण. दुकानदार फोनवर म्हणाला, "साहेब, हवा खराब असंल." हवेनं तारा थरथरतो हो, पण त्रिकोण असा रात्रभर गप बसून राहत नाही.

माझं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ रिंग जास्त आवळली की बोअर, म्हणजे आतलं भोक, गोल राहत नाही, हे पोरगं पहिल्या महिन्यातच शिकतं. मागचं झाकण काढलं, तर तेच! आरसा धरणाऱ्या तीन क्लिपा कचकून आवळलेल्या. व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढ्या ढिल्या केल्या आणि शिंगं गेली.

मोठ्या दुर्बिणींनाही आरसा वाकण्याचा त्रास आहेच, तिथं स्वतःच्या वजनानं वाकतो. नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरचा आरसा आहे, जाडी फक्त १६५ मिलिमीटर. खालून ६९ यांत्रिक दट्टे म्हणजे अ‍ॅक्च्युएटर त्याला हवं तिथं कमी-जास्त रेटतात. ताऱ्याचा प्रकाश तपासून आकार कुठं बिघडलाय ते काढायचं आणि तेवढंच दाबायचं, हे अ‍ॅक्टिव्ह ऑप्टिक्स. रेमंड विल्सन या दुर्बीणतज्ज्ञांनी ते चिलीतल्या ला सिया इथल्या एनटीटी दुर्बिणीत १९८९ साली चालवून दाखवलं. हवेची थरथर मारायचं तंत्र वेगळं, त्याला सेकंदाला शेकडो दुरुस्त्या लागतात. आमच्या दुकानदारानं दोन्हीचा काला केला.

माझ्याकडं ६९ नाहीत. बुडाशी तीन स्क्रू आहेत, तेही आरशाचा फक्त कल बदलतात. पन्हाळ्याचा घाट चढला की कल हललेला असतोच. मूळच्या स्प्रिंगा अगदीच लेच्यापेच्या होत्या, वर्कशॉपातल्या कडक घातल्या. आता दर वेळी पाच मिनिटांत कल जुळवून होतो. थंडीत मात्र दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा. घरातला उबदार आरसा निवेपर्यंत नळीत हवा खदखदते आणि सगळं पाण्याखाली बघितल्यासारखं दिसतं.

लाकडी बैठक भुश्श्याच्या फळीची आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात फुगणार, म्हणून मी कडांना आत्ताच वॉर्निश मारलं. फोकस जुळवायचा फोकसर बरा आहे.

परवा १० मिलिमीटरची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावून १२० पटीवर कॅस्टर बघितला, तो मुळात जोडतारा. ज्वारीचे दोन दाणे शेजारी ठेवावेत तसे दोन तारे, मधे काळी फट. आरसा खरंच लई भारी घासलाय. क्लिपांचा फोटो दुकानदाराला पाठवला, त्यानं अंगठा पाठवला. पिकअपचं भाडं तेवढं अजून मिळालेलं नाही.