‘स्टोइक वीक’: रात्रीच्या वहीसाठी तरी करून बघावा असा फुकट कोर्स

इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठात प्राचीन तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आणि मानसोपचार करणारी मंडळी एकत्र आली आणि २०१२ मध्ये ‘स्टोइक वीक’ सुरू झाला. स्टोइक म्हणजे विवेकानं जगायला शिकवणारे प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञ; त्यांचं तत्त्वज्ञान नुसतं वाचायचं नाही, सात दिवस तसं वागून बघायचं. पैसे नाहीत, परीक्षा नाही. एक हस्तपुस्तिका, ऐकायला काही ध्वनिफिती, आणि आधी व नंतर भरायच्या प्रश्नावल्या, एवढाच पसारा. रील बघून ‘स्टोइक’ झालेल्या मुलामुलींना मूळ माल दाखवायला हे ठिकाण चांगलं आहे. मात्र आहे तसं घेतलं तर अर्धंच पदरात पडतं.

दिवसाचे तीन भाग. सकाळी पाच-दहा मिनिटं दिवसाची तयारी, दुपारी त्या दिवसाचा अभ्यास, रात्री वहीत दिवसाची झडती. सकाळचा भाग मार्कस ऑरेलियसच्या टिपणांवर बेतलेला आहे. रोमचा सम्राट असूनही या गृहस्थाला पहाटे पांघरुणातून उठायचा कंटाळा यायचा आणि त्यावर तो स्वतःशी वाद घालायचा, हे कळल्यावर कॉलेजातली मुलं जरा सैलावतात. दुपारचे अभ्यास कमीजास्त दर्जाचे आहेत.

खरी किंमत रात्रीच्या वहीची. रोमन स्टोइक सेनेकाने रागावरच्या आपल्या ग्रंथात सेक्स्टियस नावाच्या गुरूची पद्धत सांगितली आहे: झोपण्यापूर्वी मनाला विचारायचं, आज कोणती खोड सुधारलीस, कोणत्या दोषाला अडवलंस, कशात बरा झालास? वही बहुतेकांची तिसऱ्या दिवशी बिघडते, कारण ती आरोपपत्र बनते. ‘मी आळशी आहे’ ही नोंद नव्हे. ‘११ वाजता फोन घेऊन आडवा झालो, १२.४० ला ठेवला. घेताना मनात होतं, पाचच मिनिटं’ ही नोंद. आळशीपणा तपासता येत नाही, ‘पाचच मिनिटं’ हा समज तपासता येतो: गेल्या चार रात्रींत तो किती वेळा खरा ठरला? चार ओळी पुरतात: काय घडलं, त्या क्षणी काय खरं मानलं, काय केलं, उद्या कुठे वेगळं वागायचं. आणि सेनेकाचा शेवटचा भाग गाळू नये. चूक दिसली की तो स्वतःला म्हणतो, पुन्हा करू नकोस, या वेळी माफ केलं. तो गाळला की वही उघडायचीच भीती बसते.

दुसरा मोठा अभ्यास एपिक्टेटस या स्टोइक शिक्षकाचा: आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, याची विभागणी. इथे मुलं हमखास घसरतात. एमपीएससी करणारा लिहितो, ‘कट-ऑफ हातात नाही, रोज ५० प्रश्न सोडवणं हातात आहे.’ ऐकायला ठीक, पण ताप आला की तेही हातात नाही. एपिक्टेटसची रेघ बरीच आत आहे: शरीर, पैसा, नाव, पद सगळं बाहेर, आत फक्त आपला निर्णय, इच्छा, नावड आणि कशाकडे वळायचं ते. म्हणून स्टोइक लोक प्रत्येक बेताला एक पुस्ती जोडत, ‘आडवं काही आलं नाही तर’. आपल्याकडे आज्या ‘देवाच्या मनात असेल तर’ म्हणतात, बांधणी तीच. ही पुस्ती नसेल तर पहिला खाडा पडताच सगळा बेत कोलमडतो.

सवयींच्या बाबतीत मात्र हा कोर्स कमी पडतो. सात दिवसांत सवय दिसते, सुटत नाही. एपिक्टेटसने स्वतः हिशेब वेगळा दिला आहे: राग सोडायचा तर दिवस मोजा. आधी रोज यायचा, मग दिवसाआड, मग तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या. तीस दिवस गेले तर देवाला नैवेद्य दाखवा. म्हणजे मोजायचं ते अंतर. मोबाइलमधल्या सवयींच्या ॲपात साखळी एकदा तुटली की आकडा शून्यावर येतो, आणि शून्य दिसलं की ‘आता आज राहूच दे’ ही पळवाट आयतीच मिळते. अंतर मोजलं तर सहा दिवसांनी झालेली चूकही दोन दिवसांनी झालेल्या चुकीपेक्षा बरी ठरते. तेव्हा आठवडा संपल्यावर एकच सवय निवडावी आणि कालनिर्णयवर महिनाभर फक्त चुकलेल्या दिवशी फुली मारावी. दोन सवयी एकदम धरल्या की फुल्यांचा घोळ होतो.

मोह अनावर होतो तिथे एपिक्टेटसची आणखी एक युक्ती आहे: ताबडतोब हो म्हणायचं नाही, थोडा वेळ मागून घ्यायचा, आणि दोन क्षण शेजारी ठेवून बघायचे; उपभोगाचा, आणि नंतर स्वतःला कोसत बसायचा. रात्री दीडचा एपिसोड सुरू करताना हे सुचत नाही, म्हणून हे आधीच एका वाक्यात कागदावर लिहून चार्जरला चिकटवावं. मोहाच्या भरात नवा विचार करता येत नाही, लिहिलेला वाचता येतो.

आता गैरसमज. थंड पाण्याची आंघोळ आणि दगडी चेहरा म्हणजे स्टोइक, ही समजूत घेऊन बरेच तरुण येतात. कडाक्याच्या थंडीत पुतळ्यांना मिठ्या मारून लोकांना दाखवू नका, असं एपिक्टेटसच सांगून गेला आहे. भावना दाबायलाही कुणी सांगितलेलं नाही. अंगावर काटा येणं, चेहरा लाल होणं या पहिल्या उसळीवर बुद्धीचा ताबा चालत नाही, असं सेनेका स्पष्ट म्हणतो. प्रश्न त्या उसळीला आपण पुढे होकार देतो का, याचा आहे. परीक्षेच्या दारात छाती धडधडली तर अभ्यास फसला असं नाही. मुद्दाम साधं खाऊन राहण्याचा अभ्यासही असाच बिघडतो. सेनेका तीन-चार दिवस जाडंभरडं खाऊन ‘याचीच भीती वाटत होती का?’ असं विचारायला सांगतो. आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’. साबुदाण्याच्या खिचडीवर दाण्याचं कूट भुरभुरून हा प्रश्न विचारता येत नाही.

प्रश्नावल्या भराव्यात, पण बेतानं. आयुष्याबद्दलच्या समाधानाचे पाच प्रश्न आहेत, प्रत्येकाला १ ते ७, म्हणजे बेरीज ५ ते ३५. एकदा रविवारी दुपारी आणि एकदा सोमवारी लोकलमधून उतरल्यावर भरली तर फरक वाराचा मोजला जाईल. आणि सहभागींचे गुण वाढल्याचे अहवाल वाचून ‘सिद्ध झालं’ म्हणू नये. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मधेच सोडणाऱ्यांचे शेवटचे गुण हिशेबात येत नाहीत.

आमची मोठी तक्रार वेगळी आहे. प्रत्येक समज तपासा म्हणणारा हा कोर्स स्टोइकांचे स्वतःचे समज फारसे तपासत नाही. सगळं विश्व एका विवेकानं चाललं आहे, असं ते मानत; सद्गुणाखेरीज खरं चांगलं काही नाही, हेही. पहिलं नाकारलं तर दुसरं कशावर उभं राहतं? तत्त्वज्ञानाच्या नावाखाली ही हाणामारी व्हायला हवी होती. त्यासाठी तिघा-चौघांचा गट करून शेवटचा दिवस याच वादाला द्यावा.

इंग्रजी जड जात असेल तर मराठीतून सुरुवात करायला एक वाट आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने आपल्या मानसोपचाराचं मूळ एपिक्टेटसमध्ये असल्याचं उघड सांगितलं होतं, आणि एलिसचे विचार कि. मो. फडके व अंजली जोशी यांच्या लेखनातून मराठीत आलेले आहेत. ते आधी वाचलं की हस्तपुस्तिका निम्म्या वेळात कळते.

दहावीच्या आतल्या मुलांना एकट्यानं हा कोर्स देऊ नये. रात्रीची झडती त्यांच्या हातून फार कठोर होते. झोप, जेवण उडालं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर हे औषध नव्हे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. बाकीच्यांनी चौदा पानांची वही घ्यावी. सात पानं कोर्सला लागतील, उरलेली सात पुढच्या आठवड्याला, पुस्तिकेशिवाय.