गोव्याच्या उकाड्यात कोणता: एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स३डी प्रोसेसर की इंटेलचा कोअर आय९ १४९००के?

गेमिंगपुरतं उत्तर सरळ आहे: रायझन. त्याच्या १२८ एमबी एल३ कॅशपैकी (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) ९६ एमबी एकाच चिपलेटवर, म्हणजे कोअर असलेल्या दोन तुकड्यांपैकी एकावर, आहे आणि गेम तिथेच चालायला हवा. नेमकी इथेच गाडी अडते. चिपसेट ड्रायव्हर (मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) जुना असेल किंवा गेम सुरू झाल्याचं ओळखणारा विंडोजमधला एक्सबॉक्स गेम बार काढून टाकला असेल, तर गेम ३२ एमबीवाल्या चिपलेटवर जातो नि फ्रेम घसरतात. रॅमच्या काड्या दोनच लावा. ड्युअल रँकच्या (चिपांचे दोन गट असलेल्या) चार लावल्या की डीडीआर५ रॅमचा अधिकृत वेग ३६०० मेगाट्रान्सफर प्रति सेकंदावर येतो.

आय९चे २४ कोअर रेंडरिंगला तगडे, क्विक सिंक या व्हिडिओसाठीच्या अंगभूत सोयीमुळे व्हिडिओ एडिटिंगही झटपट. पण वीज खेचण्याची कमाल मर्यादा २५३ वॉट, रायझनची १६२. मे महिन्यात मडगावच्या बिनएसी खोलीत हा फरक घाम काढतो. वर आय९ची व्होल्टेजची जुनी भानगड आहेच: जादा व्होल्टेजने चिप बिघडते. बायोस अपडेट करून ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) टाका, बायोसमध्येच इंटेल डिफॉल्ट प्रोफाइल निवडा. बिघडलेली चिप मात्र त्याने सुधरत नाही, वॉरंटीतच बदलून घ्यावी लागते.

शिवाय आय९चं एलजीए१७०० सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसरची जागा) आता संपल्यात जमा. रायझनच्या एएम५ सॉकेटवर पुढची पिढीही बसते. आमचा कौल रायझनला.